ऑकलंडला किती तास लागतात

कुसुम,

तुला नेलं त्या सकाळी मी पाटीलबाईंवर ओरडलो. हे मीच आधी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू दोन दिवस अबोला धरला असतास.

खाली तुला गाडीत ठेवत होते. मी चष्मा विसरलो म्हणून वर आलो, तर बाई आपल्या बाहेरच्या खोलीत झाडू घेऊन वाकलेल्या. मी दारातूनच किंचाळलो, "ठेवा तो झाडू! मनू विमानात आहे अजून, पोचायचीय पोर माझी!"

बाई दचकून उभ्या राहिल्या. समोरच्या दारातली तुझी इतक्या वर्षांची मैत्रीण. मग हळूच म्हणाल्या, "भाव, मनू यायला निंगालीय, जायला नाय. जी गेली तिच्या मागं केर काढायलाच लागतो. आमी काय हौसेनं नाय करत."

त्यांचं बरोबर होतं. माणूस प्रवासाला निघालं की ते सुखरूप पोचेपर्यंत मागे घर झाडायचं नाही, आणि मयत निघालं की लगेच झाडायचं, हे मला तूच शिकवलं होतंस. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात जाणारी आणि येणारी दोघी एक होऊन बसल्या होत्या. मी चष्मा घेतला आणि खाली उतरलो. जिन्यात मागून झाडूचा आवाज येत होता.

हा नियम मी पहिल्यांदा ऐकला तो लग्नानंतर महिनाभरात. मी मोजणीसाठी कर्जतला निघालो होतो, संध्याकाळी परत येणार होतो, आणि तू म्हणालीस, "तुम्ही पोचेपर्यंत झाडणार नाय मी." मी हसलो. कर्जत ते काय! पण तू दुपारपर्यंत थांबलीस. पुढे नोकरीभर मी जमिनी मोजत जिल्हा पालथा घातला, आणि दर वेळी कुठलं गाव, किती लांब, कधी पोचणार, हे तू विचारून घेत होतीस. मला वाटायचं, बायको काळजीने विचारतेय. काळजी होतीच. पण झाडू कधी हातात घ्यायचा हेही तुला ठरवायचं होतं.

म्हणूनच मनू लग्न होऊन ऑकलंडला निघाली तेव्हा तू पहिला प्रश्न तोच विचारलास. "किती तास लागतात?"

मी ऐटीत मनूचा शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला, त्यावर मुंबईपासून ऑकलंडपर्यंत दोरा ताणला आणि फूटपट्टीने मोजून सांगितलं, बारा हजार तीनशे किलोमीटर. तू म्हणालीस, म्हणजे किती? मी म्हटलं, आपल्या पनवेलच्या पळस्प्याहून गोव्याला बावीस वेळा गेल्यासारखं. तू जरा विचार केलास आणि विचारलंस, "येऊन-जाऊन, की नुसतं जाऊन?" त्यावर मनू इतकी हसली की तिच्या डोळ्यांतलं आधीचं पाणी आणि हे पाणी वेगळं काढता येईना.

तिला सोडायला आपण सहारच्या विमानतळावर गेलो. तू काचेला नाक लावून ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होतीस आणि मी मागे सामानाच्या ढकलगाड्यांपाशी उभा होतो, जणू त्या मोजायला मला कुणी नेमलं होतं. परत येताना वाशीच्या पुलावर तू म्हणालीस, "आता वर गेलं असेल विमान." तू टॅक्सीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आभाळ बघत होतीस. मी खाली खाडी बघत बसलो.

तो पहिला प्रवास खरंच लांबला. मध्ये दोन ठिकाणी उतरायचं, एके ठिकाणी रात्रभर बाकावर बसायचं, मग तिथे पोचल्यावर फोनचं कार्ड मिळेना. पोरीचा आवाज ऐकू आला तेव्हा दोन दिवस आणि दोन रात्री झाल्या होत्या. घरात पायाखाली रेती कचकचत होती. फोन ठेवलास आणि तू त्याच पावली झाडू काढलास. झाडता झाडता रडत होतीस, आणि मला म्हणत होतीस, पाय वर घ्या.

"दोन दिवस, दोन रात्री" हे त्या वेळी खरं होतं. खोटं ते पुढे झालं.

आता लिहितो. मला विमानाची भीती वाटते. हे मी फक्त लिहू शकतो, तोंडाने आजवर कुणालाही म्हटलेलं नाही. बोटीची वाटत नाही, घाटाची वाटत नाही, माणिकगडाच्या कड्यावर मी मोजणीचं टेबल मांडून उभा राहिलेलो आहे. पण तिथे पायाखाली जमीन असते. जमीन हा माझा धंदा. तीच नाही म्हटल्यावर माझे तळहात ओले होतात. मनूच्या नुसत्या तिकिटाचा कागद हातात घेतला तरी होतात.

दोन वर्षांनी ती आली आणि परत गेली, तेव्हा वाटेत एकच थांबा होता, सिंगापूरचा. सगळं मिळून एकोणीस तास. तिने मला कागदावर लिहून दाखवलं होतं. आणि त्याच महिन्यात तू म्हणालीस, "आपण जाऊन येऊ या एकदा. तिचं घर बघू." मी एका क्षणात म्हणालो, "दोन दिवस, दोन रात्री लागतात कुसुम. पाय लांब करता येत नाहीत. तुझे गुडघे राहतील का?"

तू गुडघ्यांकडे बघितलंस. ते तेव्हा चांगले होते. तळ्याला तीन फेऱ्या घालून येत होतीस तू. पण मी मोजणी खात्यातला माणूस. ज्याने हद्दीच्या भांडणात भावाभावांना वीतभर इकडेतिकडे होऊ दिलं नाही, जेवायला बोलावलं तर आधी मोजणी मग जेवण म्हणणारा, तो बारा हजार किलोमीटरच्या बाबतीत खोटं बोलेल असं कुणाला वाटेल? मी आयुष्यभर कमावलेला खरेपणा त्या एका वाक्याला वापरला. पुढे वापरतच राहिलो.

वरच्या मजल्यावरच्या जैबूनभाभी मस्कतला मुलांकडे वर्षातून दोनदा जायच्या. त्यांनी एकदा आपल्याकडे चहा पिताना मला चांगलंच पकडलं. "भाऊ, मी काय विमान हाकते काय? बसायचं, दुआ पढायची, दिलं ते खायचं, उतरायचं. कुसुमला घेऊन जावा एकदा, अल्ला खैर करेल." मी म्हणालो, मस्कत तीन तासांवर आहे भाभी, ऑकलंडचं वेगळं. "वेगळं काय त्यात? खुर्ची तर तीच." मी उठून गॅलरीत गेलो. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं दोघी माझ्याबद्दलच बोलताहेत. आत तू त्यांना म्हणत होतीस, "त्यांचं काही नाय हो भाभी, माझेच पाय धड नाहीत."

मी ते ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं, कुसुम. इतका मी हलका झालो की रात्री मटण आणलं.

मग माझ्या हाती आणखी एक कारण लागलं. पनवेलला विमानतळ होणार, होणार म्हणून सगळीकडे बोललं जाऊ लागलं. मी म्हटलं, कशाला सहारपर्यंत दोन तास टॅक्सीत हाडं खिळखिळी करायची? आपल्याच दारात विमान येतंय. ते झालं की घरून निघायचं, दहा मिनिटांत विमानात. तुला ते पटलं. नातेवाइकांनाही तू तेच सांगायचीस, आमचा इथला विमानतळ झाला की जाणार. लोक कौतुकाने माना डोलवायचे. आणि मी, जमिनीची कामं कशी चालतात हे पनवेलमध्ये ज्याला सगळ्यात जास्त कळतं असा मी, खात्रीने जाणत होतो की आपल्या दोघांच्या हयातीत काही तिथून विमान उडत नाही. हे कारण मी पारखून निवडलं होतं. मला त्याची आज जितकी लाज वाटते तितकी कशाची वाटत नाही.

नाही, एका गोष्टीची जास्त वाटते.

मनूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईचं, याबद्दल तुझ्या मनात दुसरा विचारच नव्हता. तिला इकडे येणं शक्य नव्हतं म्हणजे तू जाणार. तू जुनी लुगडी काढून दुपटी शिवायला बसलीस, मऊ झालेली निवडून, काठ आत दुमडून. डिंक तळायला घेतलास. घरभर तुपाचा वास. त्यात मनूचा फोन आला आणि तू स्वयंपाकघरात असताना मी तिला सांगितलं, "आईला डॉक्टर एवढा प्रवास नको म्हणतात." कुठला डॉक्टर? तू कुठल्याही डॉक्टरकडे गेलेली नव्हतीस. मी फोन ठेवून मागे वळलो तर तू दारात उभी. हातात झारा. त्याच्यावरून तूप ठिबकत होतं फरशीवर.

मला वाटलं आता फुटणार. रागावलीस की तुझी माहेरची बोली वर यायची, खाडीकाठची, "मी नाय, मी नाय ऐकायची," अशी. मी त्या बोलीची वाट बघत उभा राहिलो. खरं सांगू? ती आली असती तर मी मोडलो असतो. पण तू म्हणालीस, "मग लाडू कोण नेणार?"

लाडू मनूच्या सासूबाईंनी नेले. तिथल्या विमानतळावर तुपाचं काही आत नेऊ देत नाहीत, तिथल्या लोकांनी काढून घेतले. दुपटी तेवढी पोचली. तू आठ दिवस त्या लाडवांबद्दल बोलत होतीस, कुठे टाकले असतील, कुणी खाल्ले तरी असतील का. लाडवांबद्दल बोलतेस म्हणजे बाकीचं विसरलीस, असं मी स्वतःला समजावलं. किती सोयीचा नवरा होतो मी स्वतःसाठी!

पुढे ते लॅपटॉपवर बोलणं सुरू झालं. नात ईशा पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा तू तिला कामाला लावायचीस. "आता चल बरं आतल्या खोलीत. आता उजवीकडे. खिडकीतून काय दिसतं गं?" ती पोर लॅपटॉप पोटाशी धरून घरभर फिरायची आणि तुझ्या पडद्यावर भिंती, छत, तिचे दात, पुन्हा भिंती. तुला मनूच्या घरातलं मीठ कुठल्या कप्प्यात असतं ते ठाऊक होतं. मागच्या दाराची कडी उजव्या हाताला आहे की डाव्या, यावर तू आणि मी एकदा अर्धा तास वाद घातला. तू म्हणालीस उजव्या, मी म्हणालो पडद्यावर उलटं दिसतं, म्हणजे डाव्या. तो वाद तसाच राहिला. मनूला विचारायचं आपण दोघंही विसरलो.

तू गेलीस त्या दिवशी दुपारी जेवून लवंडलीस. चार वाजता चहाला उठवायला आलो. बस, एवढंच. तुला प्रवास नको म्हणणारे डॉक्टर मी शोधून काढले होते, आणि जे खरंच बघायला हवे होते ते आपण कधी बघितलेच नाहीत.

मी मनूला फोन केला. ती येईपर्यंत तुला थांबवायचं की नाही, हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आईला बर्फावर ठेवू नका. माझ्यासाठी थांबू नका." मग ती निघाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तास मोजत बसलो. एरवी ते काम तुझं. तुला पोचवून आलो, अंघोळ केली, कुणीतरी पुढे ठेवलेली पेज प्यायलो, आणि घड्याळाकडे बघत राहिलो. ती घराबाहेर पडल्यापासून आपल्या दारात उभी राहीपर्यंत, टॅक्सी धरून, बावीस तास झाले. बावीस. दोन दिवस नाहीत, दोन रात्री नाहीत.

आणि तिथे, पायरीवर मनू माझ्या गळ्यात पडलेली असताना, मला ते कळलं.

मनू इतक्या वर्षांत किती वेळा आली आणि गेली. दर वेळी ती निघाली की तू झाडू पलंगाखाली सारायचीस आणि ती पोचल्याचा फोन आला की काढायचीस. मी घरात असायचो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत घर झाडलेलं असायचं, मी त्या स्वच्छ फरशीवर पाय पसरून पेपर वाचायचो. एकोणीस तास, वीस तास, एकदा विमान उशिरा सुटलं तेव्हा तेवीस. ऑकलंडला किती वेळ लागतो हे या घरात अचूक कुणाला माहीत असेल तर ते तुला होतं. आणि त्याच घरात, त्याच तोंडाने, मी तुला दोन दिवस दोन रात्री सांगत होतो, आणि तू ऐकून घेत होतीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. सातवी शिकलेली बाई, तिला आकड्यांतलं काय कळतंय, असं मी धरून चाललो होतो. तू एकदाही म्हणाली नाहीस, अहो, काय सांगताय.

का नाही म्हणालीस? मी दहा दिवस भिंतीकडे बघून हेच विचारत होतो. उत्तर मनूने दिलं, काल, भाजी निवडता निवडता, अगदी सहज.

"आईने मला कधीच सांगितलं होतं बाबा. ईशाच्या वेळीच. म्हणाली, त्यांना विमानात बसायची भीती वाटते, तू आग्रह करू नकोस. लग्न झाल्यावर जत्रेत पाळण्यात बसलो होतो, वर गेल्यावर यांनी माझा हात असा धरला की बांगडी फुटली. खाली उतरल्यावर म्हणाले, सुपारी लागली."

मला ती जत्रा आठवत होती. बांगडी आठवत नव्हती.

"मी तिला म्हटलं, मग तू एकटी ये ना," मनू पुढे म्हणाली. "तर म्हणाली, मी एकटी आले तर चार लोक यांना विचारतील, तुम्ही का नाही गेलात. मग काय सांगतील ते? राहू दे. माझेच गुडघे दुखतात म्हणून सांग सगळ्यांना."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तू झाकून धरली होतीस, इतकी वर्षं, तुझ्या स्वतःच्या हाताने, आणि त्यासाठी नातीला पहिली अंघोळ घालायचं सोडलंस. मी तुझे उपकार मानू की तुझ्यावर रागवू? दोन्ही करतोय. एकदा तरी मला तोंडावर म्हणायचं होतंस, घाबरट आहात तुम्ही. मी चिडलो असतो, ताट सरकवून उठलो असतो, आणि मग कदाचित, फक्त कदाचित, तिकीट काढलं असतं. तू एकटी निघाली असतीस तर मी अडवलं नसतं, असं इथे लिहिणार होतो. पण आता तरी खरं लिहितो. अडवलं असतं.

आज सकाळी मनूने विचारलं. परवा ती निघणार. माझ्यासमोर खाली बसली, तू बसायचीस तशी नाही, तिची तिची, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाली, "बाबा, आता तरी चला. मी शेजारी असेन. पूर्ण वेळ हात धरून ठेवीन."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मला भीती वाटते गं. तिला माहीत होतं. तुला माहीत होतं. जैबूनभाभींनाही बहुतेक माहीत असावं. लपवायचं ज्याच्यापासून असं कुणी उरलेलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "तुझ्या आईचं वर्षश्राद्ध इथेच व्हायला हवं ना. त्याआधी मी घर कसं सोडणार?"

ती "बरं बाबा" म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

तू गेल्यावरही मी तुलाच पुढे केलं, कुसुम. वर्षश्राद्धाला अजून साडेअकरा महिने आहेत. तोवर मला दुसरं कारण शोधावं लागणार नाही.